विहीणबाई, तुमचा रुसवा निघाला होता का?

विहीणबाई, 'आपटीबार'चा नवा भाग आलाय. परवा मनीनं मोबाईल माझ्यापुढं धरला, म्हणाली, "आई, बघ की. तुझे दोघं आलेत." मी म्हणलं, ठेव बाजूला. तुमच्या फोटोवरचा हार अजून ओला होता. पण खरं सांगू? कान तिकडंच होते. कुठला पिक्चर घेतलाय, कुणाची पिसं काढलीत, एवढं तरी कळू दे, असं झालं होतं. घरातलं माणूस गेलं की तोंडाची चव जाते म्हणतात. जात असेल. माझी चौकशीची खोड काही जात नाही.

तुम्ही माझ्या मनीच्या सासूबाई. मी शिरूरची, तुम्ही केडगावच्या, मधे न्हावऱ्याची एसटी. विहिणींनी एकमेकींशी कसं वागायचं ते आपल्याकडं आधीच ठरलेलं. सणाला साडी द्यायची, आजारपणात फळं घेऊन जायचं, बाकी सगळं मोजून बोलायचं. दहाव्याला नदीवर तुमच्या भावकीतली एक बाई मला विचारत होती, "तुमचं दोघींचं इतकं जमलं तरी कशावरनं?" तिला काय सांगू? दोन बाप्ये मोडक्या खुर्च्यांवर बसतात, एखादा पडेल पिक्चर लावतात आणि त्याची टर उडवतात, ते बघत आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, असं सांगितलं असतं तर तिनं नदीचं पाणी मारून मला शुद्धीवर आणलं असतं.

म्हणून तिला काही बोलले नाही. तुम्हाला मात्र एक विचारायचंय. मनीच्या लग्नात तुम्ही मांडवाच्या खांबाआड, भिंतीकडं तोंड करून बसला होता. विहीण रुसली, विहीण रुसली, अशी बोंब झाली होती. तो रुसवा खरा होता, का आपली रीत म्हणून? आणि खरा असेल तर तो निघाला होता का? इतक्या वर्षांत किती वेळा विचारलं, तुम्ही एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. आणि एका सकाळी उठून चालायला लागलात. असं करतात का कुणी?

रुसव्याचे नियम आपल्याकडं पक्के. रुसणारीनं कारण सांगायचं नाही, समजूत काढणारीनं ओळखायचं. ओळखता नाही आलं तर साडी न्यायची, साखर भरवायची, चार बायकांनी मिळून थट्टेची गाणी म्हणायची. विहिणीला हसू फुटलं की रुसवा निघाला असं धरायचं आणि पंगती वाढायला घ्यायच्या. कारण मला ओळखता आलं नाही. कसं येणार? सकाळपासून मी चुलीपाशी, नंतर वऱ्हाडाच्या स्वागताला, नंतर मामा लोकांच्या टोप्या-टॉवेलांत. पुरुषांपैकी कुणीतरी येऊन सांगितलं, विहीण रुसलीय, बघा जरा. मी साडी घेऊन आले आणि तिथल्या तिथं गाणं जुळवलं:

विहीण बसली खांबाला टेकून,
खांब म्हणतो, जा की उठून!

तुम्ही पदर तोंडाला लावलात. आमच्या बायका ओरडल्या, हसली, हसली! पंगती बसल्या. पण पदराआड हसू होतं का दुसरं काही, ते कुणी बघितलं होतं?

पुढं आपण बोलत होतो, नाही असं नाही. "बऱ्या हाय ना?" "व्हय." "पाऊस?" "झाला." संपलं.

मग मनी पहिल्या बाळंतपणाला शिरूरला आली आणि तुम्ही बाळ बघायला आलात. बाळ झोपलेलं, मनी झोपलेली, बाहेरच्या खोलीत आपण दोघी. मी पंख्याकडं बघतेय, तुम्ही कॅलेंडरकडं. शेवटी मी टीव्ही लावला. केबलवर 'आपटीबार' चालू होतं, तेव्हा ते नवंनवंच होतं. त्यात एका राजाचा पिक्चर. राजा तलवार उपसून गर्जना करतोय आणि मनगटावर हे एवढं घड्याळ! त्या दोघांतला जाड्या म्हणाला, "महाराज, आवरा आता, शेवटची एसटी जाईल." आणि तुमच्या तोंडातला चहा उडाला, विहीणबाई. माझ्या नव्या चादरीवर. तुम्ही घाबरून माझ्याकडं बघितलंत. मी हसले. मग तुम्ही हसलात, मग बाळ उठलं, आणि मनी आतनं म्हणाली, "कोण आलंय गं?" तिला वाटलं शेजारणी आल्यात. आई आणि सासू मिळून असा आवाज करत असतील हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

त्या दिवसापासून गुरुवार आपला झाला. आधी फोनवर. "बघितला का?" "बघितला." "त्यातली ती गाय?" "गाय कुठं, बैल व्हता त्यो! बैलाची धार काढत व्हता मेला!" पुढं कार्यक्रम टीव्हीवरनं मोबाईलवर गेला, आणि तुमचे गुडघे धरले. तुमचं शिरूरला येणं थांबलं. मग मीच दर गुरुवारी सकाळची झेंडूची तोड उरकून न्हावऱ्याच्या गाडीत बसायला लागले. आईनं लेकीच्या घरी इतकं जाऊ नये, असं म्हणणारे म्हणालेच. तुम्ही दारात बसून त्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "लेकीकडं न्हाई आल्या त्या. माझ्याकडं आल्यात."

हे एक वाक्य माझ्यासाठी काय होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तुमचा एक नियम मात्र मला फार जड जायचा. जाड्या आणि चष्मेवाला ज्या पिक्चरला हसणार, तो पिक्चर आपण आधी पूर्ण बघायचा. "जेवल्याबिगर सैपाकाला नावं ठिवू नयेत," म्हणायच्या. त्यापायी मी 'नागिणीचं कन्यादान' अख्खं बघितलंय! नागीण म्हंजी पाण्याची रबरी नळी, तिला बांधलेली दोरी शेवटपर्यंत दिसते, आणि नवरीला निरोप देताना ती नळी रडते. मी मधेच डुलकी काढली तर तुम्ही कोपरानं ढोसायच्या. "उठा. नागीण आहेर करतीय."

आणि काय बघायच्या तुम्ही! बाई शेतात भाकरी घेऊन निघाली की लगेच, "टोपलं रिकामं हाय. मान बघा तिची. भाकरी असत्या तर अशी हालली असती का?" एका पिक्चरमधे गाय दारात उभी आणि पुढच्या क्षणाला रानात. तुम्ही ओरडलात, "गाय बदलली! मघाशी डावं शिंग मोडकं व्हतं!" चष्मेवाल्याला ते दिसलंच नव्हतं. त्या दिवशी तुम्ही नातवाला सांगून त्याला तसं लिहून पाठवलंत. उत्तर आलं नाही. पण आपल्या दोघींत 'गाय बदलली' कायमचं शिरलं. मनीनं आंब्याच्या लोणच्याऐवजी लिंबाचं वाढलं की गाय बदलली. तुमचे मालक, आबा, दाढी करून आले की गाय बदलली. आबा बिचारे आरशात बघायचे.

आपली भांडणंही त्यावरनंच. मला कधीकधी वाईट वाटायचं. एवढी माणसं उन्हात राबली असतील, त्यांनाही घरदार असेल, कसं वाटत असेल हे बघून? तुम्ही म्हणायच्या, "आपल्या माणसाची करती ती थट्टा. परक्याची केली की निंदा."

"मग आपलं कोण आन् परकं कोण, हे ठरवणार कोण?"

"ज्याची थट्टा झाली त्यो."

"आन् त्याला विचारणार कोण?"

"चहा ठिवा," म्हणायच्या. माझं म्हणणं वरचढ व्हायला लागलं की तुम्हाला चहा लागायचा. ते भांडण तसंच अर्धं राहिलंय, लक्षात ठेवा.

एकदा 'आपटीबार'वाल्यांनी सुट्टी घेतली. दोन-तीन गुरुवार कोरडे गेले आणि तुम्ही कपाटातनं मनीच्या लग्नाची शूटिंग काढलीत. "हा काय कमी पडेल पिक्चर हाय?" तुम्ही जाड्या झालात, मी चष्मेवाला. नवरदेवाचं तोंड कमळात, कमळ विमानात. मग मनी आणि जावईबापू बर्फाच्या डोंगरावर हातात हात घालून उभे. आबांनी विचारलं, "हे कुठलं गं?" तुम्ही म्हणालात, "न्हावऱ्याच्या पुढं, डाव्या हाताला." जावईबापू उठून गोठ्यात गेले, ते परत आलेच नाहीत. पुढं 'आपटीबार' चालू झालं तरी वर्षातनं चारदा तो पिक्चर आपल्याला लागायचाच.

त्यात विहिणीचे पाय धुण्याचा प्रसंग यायचा. पाट, परात, तांब्या आणि दोन पाय. नुसते पाय! कॅमेरा वर जायलाच तयार नाही, आणि जरा वर सरकला की एक गुलाबाचं फूल गरगरत येऊन सगळा पडदा खाऊन टाकायचं. मी दर वेळी ऐटीत सांगायची, "बघा, कसे चोळून चोळून धुतलेत तुमचे पाय. एवढे तर मी माझ्या सासूचे धुतले न्हाईत." आणि तुम्ही हसायच्या. हसायच्या म्हंजी काय, बाजेवर आडव्या व्हायच्या, डोळ्यांतनं पाणी. मला वाटायचं, काय माझं बोलणं झकास! पुढच्या खेपेला मी आणखी मीठमिरची लावायची.

मग खांबाचा प्रसंग. तिथं मी विचारायचीच, "खरं सांगा, रुसला व्हता का?" कधी तुम्ही म्हणालात, चहा गार होता. कधी म्हणालात, साडी पोपटी होती. एकदा म्हणालात, "पिक्चर चालू असताना मधी बोलू नये."

तुम्ही गेलात ती बातमी घेऊन मनीचा फोन आला तेव्हा मी वाफ्यात होते. मेथी निवडता निवडता गेलात म्हणे. मी पोचले तर तुम्हाला ओसरीवर निजवलेलं, बायका एकेक करून पाया पडत होत्या. विहिणी एकमेकींच्या पाया पडत नाहीत, आपण कधी पडलो नाही. तुमची बसायची तऱ्हाही अशी, मांडी घालून लुगडं पायांवर ओढलेलं. त्यामुळं तुमचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले ते त्या दिवशी. डोकं टेकलं आणि वर होताना दिसलं, डाव्या पायाचा अंगठा पार आत वळलेला, शेजारच्या बोटावर चढलेला. मनात आलं, अगं बाई, हे कधीचं? बघा म्हणजे, अशा वेळी सुद्धा! म्हणलं, पुढं कधीतरी आबांना विचारू.

दहाव्याला एक पुढारी भाषणाला उभे राहिले. तुम्ही किती शांत होता, किती सोशिक होता, घरात तुमचा आवाज म्हणून कधी ऐकू आला नाही, असं बराच वेळ चाललं. मी डावीकडं झुकून म्हणलं, "ह्यांचं टोपलं रिकामं हाय." डावीकडं तुम्ही नव्हता. कुणाची तरी सून होती, तिनं दचकून माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की तुम्ही गेलात. आधी नुसतं माहीत होतं.

तर परवाचं सांगते. तेरावा होऊन गेलेला, पाहुणे पांगलेले. मी मोबाईल बाजूला ठेव म्हणलं, तेव्हा मनीला वाटलं आईला बघवत नाही. तिनं आपली लग्नाची शूटिंग लावली. "ह्यात तरी आत्या दिसतील," म्हणाली. तुम्हाला ती आत्याच म्हणायची. मी बघत बसले. कमळ गेलं, विमान गेलं. पाट आला, परात आली, पाय आले.

मी म्हणलं, "थांबव."

मनीनं थांबवलं.

"मने, गाय बदलली."

"काय?"

"अगं, पाय बदललेत! हे तुझ्या सासूचे पाय न्हाईत."

पडद्यावरचे दोन्ही अंगठे सरळ होते, विहीणबाई. बोटं लांब, बारीक, ओळीत. मनी म्हणाली, "आई, तू जरा पड. चार दिवस झोप न्हाई तुला." पण तुम्ही ज्या नजरेला वळण लावलंत ती आता अशी ऐकतेय होय? तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात तुमची धाकटी जाऊ, यवतची पारूबाई, येऊन उभी राहिली. हातात लसूण. पडद्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी उठलेच.

"पारूबाई, पाय दाखवा."

"अवो, काय येड्यावानी..."

"दाखवा म्हंते ना."

तिनं पाय लुगड्याआड ओढले. मग खाली बसली. म्हणाली, "माझेच हायती."

मग सगळं निघालं. वऱ्हाडाचे दोन टेम्पो होते. तुम्ही मागच्यात. तो न्हावऱ्यात पंक्चर झाला. पुढच्यातनं पारूबाई उतरली. तुम्ही दोघी जावा एकाच गठ्ठ्यातली जरीची लुगडी नेसलेल्या. आमच्या बायकांनी आरडाओरडा केला, वरमाई आली, वरमाई आली, आणि धरून तिलाच पाटावर बसवली. मी तुम्हाला पाहिलं होतं ते सुपारीच्या दिवशी एकदाच, तेही पदराआडनं.

"मी म्हंतेय, अवो मी न्हवं, मी न्हवं," पारूबाई सांगत होती. "कोण ऐकतंय? बँड वाजतोय. तुमची मान खाली, हात परातीत. पाणी पडलं की वो पायावर. आता धुतलेला पाय अर्धा टाकून उठू कशी? अपशकुन न्हाई का लगीनघरात? बसले गप."

"आणि विहीणबाई?"

"अक्का आली तवा परात उचलली व्हती. शूटिंगवाला म्हणाला, झालंय त्ये, पुढं व्हा. म्हंजी पोराची आई ही, आन् पाय धुतले जावंचे!"

"म्हंजी खरंच रुसल्या होत्या."

"खरंच म्हंजी? वर्सभर माझ्याशी बोलली न्हाई. तुमचं तर नावबी घेत न्हवती. मी काय केलं व्हतं वो? पाय तेवढे धुवून घेतले."

मनी तोंडावर हात ठेवून बसलेली. इतक्या वर्षांचा माझा प्रश्न, आणि उत्तर असं. मला वाटलं होतं, फार तर मानपानाची टोपी राहिली असेल कुणाची. कसंबसं विचारलं, "मग निघाला का त्यांचा रुसवा? कधी निघाला?"

पारूबाई लसूण सोलायला लागली. "बाळ बघून शिरूरहून आली, ती हसतच आली. मला म्हणाली, पारे, विहीण बरी हाय. चादरीवर चहा सांडला तरी हसली. तवापासनं माझ्याशीबी बोलाया लागली."

"मग मला सांगितलं का न्हाई कधी? मी इतक्यांदा विचारलं!"

"मी म्हणलं व्हतं की तिला. अक्का, सांगून टाका एकदा बिचारीला. तर मलाच दम. म्हणाली, 'तोंड उघडलंस तर याद राख. तुमचे पाय, तुमचे पाय करत ती तुझे पाय दावती मला, आन् वर म्हंती, सासूचे एवढे धुतले न्हाईत! पारे, असला पिक्चर मला परत गावायचा न्हाई.'"

विहीणबाई! म्हंजी मी तुमच्या बाजेवर बसून पडद्यावरच्या माणसांना हसत होते, आणि तुम्ही बाजेवरच्या माणसाला. वर्षातनं चार वेळा. बिनतिकिटाचं. मी मीठमिरची लावत होते, तुम्ही आडव्या होत होता. आणि चहा मीच ठेवायची! आता एकेक गुरुवार आठवून बघतेय, कुठं कुठं हसलात ते तपासतेय. ते पाय आले की माझं तोंड कसं दिसत असेल? मी न सांगितलेलं आणखी काय काय तुम्हाला दिसलं होतं? आणि जे दिसलं ते सगळं बघूनही दर गुरुवारी दारात तेच सांगायच्या, माझ्याकडं आल्यात म्हणून. एवढं पूर्ण मला कुणी बघितलं नव्हतं, विहीणबाई. माझ्या घरच्यांनीही नाही.

हे सगळं मनात आलं ते नंतर. त्या वेळी मी पडद्यावरच्या त्या सरळ अंगठ्यांकडं बघितलं, पारूबाईच्या पायांकडं बघितलं, आणि मला जे फुटलं ते काही आवरेना. पारूबाईही फुटली. मनी आधी "आई, अगं लोक काय म्हणतील, सुतक आत्ता फिटलंय," म्हणत होती, मग तीही भिंतीला धरून बसली. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. शेजारच्या दोघीतिघी धावत आल्या. माझे गाल ओले, पारूबाईचे ओले, मनी जमिनीवर. त्यांनी काय समजायचं ते समजलं. एकीनं मला जवळ घेतलं, पाठीवरनं हात फिरवायला लागली. "रडा मावशी, रडा. मोकळ्या व्हा."

पारूबाई हुंदका आवरत म्हणाली, "रडू द्या त्यास्नी. लई जीव व्हता दोघींचा."

मी त्या शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पोट दुखत होतं, बोलता येत नव्हतं. तिला सांगणार होते की बाई, तुझं चुकतंय. आणि मग वाटलं, कुठं चुकतंय?